बांधकाम करताना जागेवरची झाडं कशी जपायची? कोकणातल्या जागामालकांचे नेहमीचे प्रश्न

जेसीबी सोमवारी येणार आहे. त्याआधी काय करायला हवं?

कुंपण. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल, पण राखायच्या झाडांभोवती कुंपण उभं राहिल्याशिवाय जेसीबीला जागेत चाक टाकू देऊ नका. बांधकामात मेलेल्या बहुतेक झाडांचं खरं नुकसान पहिल्या एक-दोन दिवसांत, सफाई आणि सपाटीकरण चालू असतानाच झालेलं असतं. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण झाड हिरवंगार उभं असतं. खोडाला खरचटलेलंही नसतं. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागला की "आंब्याला रोग लागला" म्हणून फवारणी सुरू होते.

सात-आठ टनांचं यंत्र मातीवरून गेलं की तिच्यातली हवेची पोकळी दबते. सगळ्यात जास्त दाब पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बसतो, त्यामुळे "एकदाच जातो" या बोलण्याला अर्थ नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या एक ते दोन फूट मातीत असतात, आणि हवा मिळाली नाही की ती गुदमरतात. जपायची ती माती. खोड त्या मानाने स्वतःला बऱ्यापैकी सांभाळतं.

कुंपण खोडापासून किती लांब घालायचं?

जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने खोडाचा घेर मोजा आणि त्याची चौपट करा. तेवढ्या अंतरावर, झाडाच्या चारही बाजूंनी. जगभर वापरला जाणारा नियम खोडाच्या व्यासाच्या बारापट असा आहे. घेरावरून काढलं तर ते पावणेचारपटीच्या जरा वर येतं, म्हणून चौपट धरणं सोपं. फार जुन्या, अवाढव्य झाडाला ५० फुटांवर थांबलं तरी चालतं.

उदाहरणार्थ, घेर ५ फूट असलेल्या रायवळ आंब्याला २० फुटांचं वर्तुळ लागतं. त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे १,२५६ चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्याहून जास्तच. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर असा एक आंबा राखायचा तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा त्याची, हे घराचा नकाशा काढण्याआधी समजलेलं बरं. नकाशा मंजूर झाल्यावर झाडाचा विचार सुरू केला की झाड हरतं.

फांद्यांच्या टोकाखालची कड ही झाडाची हद्द, असं आपल्याकडे सर्रास समजतात. मुळं प्रत्यक्षात त्या कडेच्या दुप्पट, कधी त्याहूनही लांब गेलेली असतात.

एवढी जागा सोडणं शक्यच नसेल तर?

मग एकाच बाजूने तडजोड करा. २० फुटांचं वर्तुळ असेल तर एका बाजूला सरळ रेषेत १० फुटांपर्यंत आत येता येईल. गणिताने पाहिलं तर यात वर्तुळाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, आणि निरोगी झाड तेवढं सोसतं. दोन बाजूंनी असं केलं की झाड जगेल का हा जुगार होतो. तीन बाजूंनी करायचं असेल तर झाड रीतसर परवानगी घेऊन तोडलेलं अधिक प्रामाणिक. निदान पाच वर्षांनी ते छपरावर येणार नाही.

बाजू निवडताना वारा बघा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूची मुळं दोरासारखी ताणली जाऊन झाडाला धरून ठेवतात, म्हणून ती शक्यतो तोडू नयेत. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग वादळ आणि मे २०२१ मधलं तौक्ते, या दोन्हींत असंख्य झाडं मुळासकट आडवी झाली. अशा वाऱ्यात एका बाजूची मुळं आधीच गमावलेलं झाड टिकाव धरत नाही.

कातळावरच्या हापूसच्या कलमांना हाच हिशेब लागू होतो का?

नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सुरुंग लावून किंवा ब्रेकरने खड्डे काढून, बाहेरची माती भरून लावलेल्या कलमाची बहुतेक मुळं त्या खड्ड्यात आणि कातळाच्या भेगांत असतात. इथे वर्तुळाला अर्थ राहत नाही. मातीचा तो कप्पा जिथपर्यंत आहे तिथपर्यंत सगळा राखायचा. पहारेने टोचत गेलं की कातळाचा ठणठणीत आवाज येतो, तिथे कप्पा संपला. चुन्याने खूण करून घ्या. कप्प्याच्या पलीकडे, उघड्या कातळावरून ट्रक गेला तरी फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते दोन गोष्टींनी. ब्रेकरने शेजारचा कातळ फोडला की कप्प्याची भिंत तडकते आणि त्यात साठून राहणारं पाणी डिसेंबरपासूनच निघून जायला लागतं. याच्या उलट, कातळावरून आपोआप वाहून जाणारं पावसाचं पाणी जोत्यामुळे किंवा नव्या रस्त्यामुळे अडलं तर ते कप्प्यात तुंबतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुळं कुजतात. पाण्याची जुनी वाट कुठून जाते ते पावसाळ्यात एकदा उभं राहून पाहिलेलं असावं. उन्हाळ्यात ती दिसत नाही.

माड आणि पोफळी?

माडाचं गणितच वेगळं. त्याला सोटमूळ नसतं; बुडातून करंगळीएवढी हजारो मुळं निघतात आणि कामाची बहुतेक मुळं खोडापासून ६ फुटांच्या आत असतात. आपण आळं तेवढंच करतो, त्यामागे हेच कारण. म्हणून कुंपण ६ फुटांवर चालेल, ८ फूट मिळाले तर उत्तम. पोफळींना एकेकटं कुंपण घालण्यात हशील नाही, अख्खी ओळ किंवा आगराचा तुकडाच घ्यावा. मधल्या चार पोफळी काढून रस्ता केला तर उरलेल्यांच्या खोडांवर पश्चिमेचं ऊन थेट येतं आणि खोडं भाजून चिरतात.

मुळांच्या बाबतीत माड सोशिक, पण खोडाच्या बाबतीत अगदी उलट. आंब्याची जखम कडेने नवी साल येऊन भरत जाते, माडाची कधीच भरत नाही. जेसीबीच्या बकेटने पडलेला खड्डा झाड असेपर्यंत तसाच राहतो, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो. जखम झालीच तर लोंबणारे तंतू धारदार कोयत्याने साफ करून त्याच दिवशी डांबर लावा. आणि शेंडा एकच आहे. क्रेनचा दोर त्याला अडकला की माड गेला.

कुठली झाडं राखावीत, कुठल्यांचा आग्रह सोडावा?

सरसकट "सगळी ठेवा" म्हणणारा आणि सगळी तोडणारा, दोघेही शेवटी उजाड प्लॉटवरच येऊन पोहोचतात. पैसा आणि जागा मोजकी असते, ती योग्य झाडांवर खर्च करावी.

आंबा, फणस, चिंच, बकुळ, कोकम, जांभूळ, सातवीण, उंडी ही निरोगी असतील तर राखण्याजोगी. वड, पिंपळ, औदुंबर राखावेत, पण घरापासून लांब असतील तरच. त्यांची मुळं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या, सांध्यांत आणि गटाराच्या पाइपांत शिरतात. ऑस्ट्रेलियन बाभळीसाठी नकाशा बदलू नका. तिचं लाकूड ठिसूळ आणि वाऱ्यात फांद्या कडाकड मोडतात. उथळ मातीवरची, एका बाजूला कललेली जुनी काजूही घराच्या टप्प्यात ठेवू नये.

दाट राईतलं एकच देखणं झाड ठेवून बाकीची काढणं ही नेहमीची चूक. राईत वाढलेलं झाड उंच, सडपातळ, शेंड्यालाच फांद्या असलेलं असतं. वारा कसा झेलायचा हे त्याला ठाऊकच नसतं, कारण आजवर शेजाऱ्यांनी तो झेललेला असतो. असं झाड एकटं पडलं की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उन्मळतं. ठेवायचं तर चार-सहा झाडांचा गठ्ठा ठेवा, आणि कडेची झाडं तशीच राहू द्या.

ढोली असलेलं झाड लगेच बाद करू नका. खोडावर लाकडी मोगरीने ठोका मारत फिरा. भोवतालचं घट्ट लाकूड सगळीकडून जाड असेल तर पोकळ खोडही वर्षानुवर्षं उभं राहतं. बुडाशी अळंब्या उगवत असतील, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली गेली असेल किंवा तिला भेग पडली असेल, तर मात्र ते झाड घराजवळ नको.

कुंपण कशाचं करावं? पट्टी बांधली तर चालेल?

पट्टी, सुतळी, चुन्याची रेघ यांतलं काहीही जेसीबीवाल्याला अडवत नाही. चार-पाच फूट उंचीचे बांबू किंवा लाकडी मेढी ६ फुटांवर एक अशा गाडा, दोन आडव्या बांधा आणि बाहेरून हिरवी शेडनेट किंवा तारेची जाळी लावा. कातळावर मेढी रोवता येत नाहीत. तिथे आलेल्या चिऱ्यांचीच कोरडी रांग तीन थरांची रचून घ्या, काम संपताना तेच चिरे वापरता येतात. मेढीचे खड्डे पहारेने, हाताने काढा, आणि जाड मूळ लागलं तर खड्डा वीतभर सरकवा.

फाटक ठेवू नका. फाटक असलं की आत सिमेंटच्या गोण्या जातात.

जागा फारच अडचणीची असेल आणि यंत्र खोडाजवळून जाणारच असेल तर कुंपणाखेरीज खोडालाही चिलखत घाला. नारळाची सोडणं किंवा जुन्या गोण्या खोडाभोवती, त्यावर ६ ते ७ फूट उंच उभ्या फळ्या किंवा बांबूच्या कामट्या, आणि हे सगळं काथ्याने आवळून. खिळा एकही नाही. काम संपताच काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात आत ओल धरते आणि वाळवी चढते.

कुंपणाच्या आतून वाट काढण्यावाचून इलाज नसेल तर?

झावळ्यांचा थर, त्यावर फूटभर सोडणं, आणि वर लोखंडी प्लेटा किंवा जाड फळ्या. जड गाड्या बरेच दिवस जाणार असतील तर जमिनीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं जाड कापड) अंथरून त्यावर ६ ते ८ इंच ४० मिमी खडी टाका. मुरूम टाकू नका. मुरमातली बारीक माती पावसात खाली उतरते, घट्ट बसते आणि काम संपल्यावर ती निघतही नाही. कापडावरची खडी मात्र फावड्याने उचलता येते. ओल्या मातीवर कोणतीच तात्पुरती वाट फारशी कामाची नाही. वळवाचा पाऊस झाला तर दोन-तीन दिवस गाड्या थांबवा.

उतारावरचा प्लॉट आहे. झाडाच्या बुडाशी भराव येतोय. किती चालेल?

कोकणात झाडं सगळ्यात जास्त मारणारी गोष्ट हीच. इथे सपाट जागा विरळाच, त्यामुळे वरची बाजू कापून खाली टाकायची ही रीत. आंबा, फणस यांच्या मुळांवर चार इंचांहून जास्त भराव धोक्याचा. त्यात भराव म्हणून येते ती पायातून निघालेली शेडीसारखी चिकण माती किंवा रोलर फिरवलेला मुरूम, म्हणजे हवा पूर्ण बंद. शिवाय खोड जमिनीपाशी जिथे रुंदावतं ती जागा मातीत गाडली गेली की साल सतत ओली राहून कुजते. बाहेरून ओळखायचं तर एवढं बघा: खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल तर बूड गाडलं गेलं आहे. माड अर्धा फूट भुसभुशीत माती सोसतो, आपण भर घालतोच त्याला. हा दाखला आंब्याला लावू नका.

उत्तम उपाय म्हणजे पातळी बदलायचीच नाही. अंगण दोन टप्प्यांत करा, मध्ये चार पायऱ्या घाला. जुन्या कोकणी घरांचं खळं आणि परसू एका पातळीवर कधी नव्हतंच.

भराव टाळताच येत नसेल तर खोडाभोवती कोरड्या चिऱ्यांचा गोल बांध घालावा, खोडापासून किमान ३ ते ४ फूट लांब, जास्त जमल्यास जास्त. भराव टाकण्याआधी जमिनीवरचं गवत हाताने काढा, ६ इंच ४० मिमी खडी पसरा आणि त्यात ४ इंची, भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप चाकाच्या आऱ्यांसारखे ठेवा, उतार झाडापासून बाहेरच्या दिशेने. पाइपाची बाहेरची टोकं उभ्या पाइपाने भरावाच्या वर आणून जाळीने झाकावीत म्हणजे हवा खेळते. खडीवर कापड, मग भराव, आणि तो यंत्राने न धुमसता. पुस्तकांत दाखवलेलं हे काम आपल्याकडे एका कारणाने फसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि गोल बांधाची चक्क विहीर होते. त्यामुळे बांधाच्या तळातून खालच्या पातळीवर पाणी काढणारा एक पाइप हवाच, आणि जूनच्या आधी तो पालापाचोळ्याने बुजलेला नाही ना हे दर वर्षी बघायला हवं. हे होणार नसेल तर बांध न घातलेला बरा.

झाडाच्या वरच्या अंगाला डोंगर कापायचा आहे.

वर्तुळाच्या अर्ध्या अंतराच्या आत कापू नका, आणि उभा काप ठेवून पावसाळा घालवू नका. कापाच्या तोंडाशी उघडी पडलेली मुळं एका दिवसात सुकतात. करवतीने सरळ कापून त्यावर ओली गोणपाटं टांगा आणि लगेच चिऱ्याची भिंत घ्या. भिंतीमागे खडी भरा आणि भिंतीत दर ५-६ फुटांवर पाणी निघायला भोकं ठेवा. कापाच्या अगदी काठावर, निम्मी मुळं हवेत घेऊन उभं असलेलं झाड वाचवलं असं समजू नये. ते पडणार आहे, आणि सोबत मातीही आणणार आहे.

पाण्याचा पाइप, केबल, सेप्टिक टँक यांचे चर?

सगळ्या वाहिन्या एकाच चरात घाला आणि तो चर वर्तुळाबाहेरून न्या. दहा मीटर जादा पाइपाचा खर्च झाडाच्या मानाने काहीच नाही. प्लंबरला आधीच सांगितलं नाही तर तो सरळ रेषेने येतो, आणि ती रेषा नेमकी बुंध्याजवळून जाते.

आतूनच जायचं असेल तर हाताने खणा. मुळं न तोडता त्यांच्याखालून पाइप सरकवा. अडीच-तीन फूट खोलीवर खालून बोगदा काढला तर बहुतेक मुळं वरच राहतात. चर उघडा असेतो मुळांवर ओलं गोणपाट, आणि दोन दिवसांच्या आत बुजवणी, तीही खणलेल्या मूळ मातीनेच.

शोषखड्डा वर्तुळात अजिबात नको. कायम ओल्या, साबणाच्या पाण्यात आंब्याची मुळं तग धरत नाहीत. केळी आणि माड ते पाणी आनंदाने पितात, त्यांना द्या.

मूळ कापावंच लागलं तर कसं?

अंगठ्याहून बारीक मूळ असेल तर धारदार कात्रीने किंवा करवतीने सरळ कापा. अंगठ्याहून जाड असेल तर आधी वळसा घालता येतो का बघा. मनगटाएवढं मूळ जाणकाराला दाखवल्याशिवाय कापू नका, कारण ते झाडाचा आधार असू शकतं. जेसीबी मूळ कापत नाही, ओढतो. बकेटने ओढलेलं मूळ खोडाच्या दिशेने कित्येक फूट चिरत जातं आणि ती चीर मातीत असल्याने दिसत नाही. म्हणून यंत्र लावण्याआधी खोदाईच्या रेषेवर हाताने दोन फूट खोल, अरुंद चर काढून मुळं कापून घ्यावीत. मग यंत्राने पलीकडे हवं ते करावं.

मुळाच्या कापाला काही लावायची गरज नाही. ओली माती पुरे.

घराचा पाया झाडाजवळ येतोय. मुळं जोतं फोडतील का?

ही भीती देशावरच्या काळ्या मातीतून इथे आली असावी. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पाया हलतो. आपली जांभ्याची लाल माती तेवढी फुगत-आकसत नाही. वड-पिंपळ कुळी सोडली तर आंब्या-फणसाची मुळं धड बांधलेल्या जोत्याला सहसा धक्का लावत नाहीत. भेगा पडतात त्या बहुधा कच्च्या भरावावर बांधल्यामुळे.

उलट जोतंच मुळांना धक्का लावतं. सलग पायाऐवजी कॉलम घ्या, त्यांचे खड्डे हाताने काढा, मूळ आडवं आलं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारून कॉलम फूटभर सरकवा, आणि प्लिंथ बीम जमिनीपासून ४ ते ६ इंच वर ठेवा म्हणजे मुळं त्याखालून सुखाने जातील. कंपाउंडसाठीही हेच. नाहीतर सरळ कोरडा गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेली बुटकी भिंत, घाला. त्याला खोल पायाच लागत नाही, आणि झाडापाशी तो वळवता येतो.

वाळू, सिमेंट, मजुरांच्या झोपड्या… सावली म्हणून सगळे झाडाखालीच येतात.

येणारच, एप्रिलच्या उन्हात कोण बाहेर बसेल? म्हणून सावलीची दुसरी सोय तुम्ही करून द्या: चार बांबू आणि झावळ्यांचा मांडव. तो झाला की कुंपण आपोआप टिकतं.

मिक्सर धुतलेलं पाणी सगळ्यात वाईट. आपली माती आम्लधर्मी आणि झाडांना तीच सवय. सिमेंटचं पाणी अल्कधर्मी. ते मुरत राहिलं की लोह, मँगनीज मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. धुण्यासाठी उताराच्या खालच्या अंगाला प्लॅस्टिक घातलेला खड्डा करा. खाडीच्या वाळूचा ढीग आंब्याजवळ नको, पहिल्या पावसात त्यातलं मीठ खाली उतरतं. डिझेलचे कॅन, रंगाचं थिनर यांबद्दल वेगळं सांगायला नको. मजुरांची चूल फांद्यांच्या टोकापासूनही लांब असू द्या.

ट्रकला आड येणाऱ्या फांद्या?

काम सुरू होण्याआधीच कापा. मिक्सरने मोडलेल्या फांदीपेक्षा कापलेली फांदी कधीही बरी. तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून एक-दीड फुटावर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढायचा, पण खोडाला घासून नव्हे. फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. ती वळीच जखम भरून काढते.

आंब्याच्या मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत, मग एकत्र करून ढवळायचं. लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी वापरा. शेजारची झाडं काढल्याने खोड अचानक उन्हात आलं असेल तर पश्चिमेच्या बाजूने खोडालाही हीच लावावी.

सफाईचा पालापाचोळा आणि लाकडं जागेवरच जाळावीत का?

झाडाजवळ नाही. साल बाहेरून काळी न पडताही आतला जिवंत थर भाजून मरतो. पालापाचोळा तर जाळूच नका, कुंपणाच्या आत तीन-चार इंच पसरा, खोडाला मात्र वीतभर मोकळं सोडा. माडाचे तोडलेले ओंडके प्लॉटच्या कोपऱ्यात कुजत टाकू नका. त्यात गेंड्या भुंगा वाढतो, आणि पुढच्या वर्षी तुमच्याच राखलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी कातरलेल्या निघाल्या की समजावं. ओंडके फाडून वाळवा, सरपणाला द्या.

कोणता महिना बरा?

मुळांशी संबंधित काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा मातीत ओल असते, वाऱ्याचा जोर नसतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाडाला नवी मुळं टाकायला सात-आठ महिने मिळतात. एप्रिल-मे सगळ्यात वाईट, आणि नेमकी तेव्हाच पावसाआधी उरकण्याची घाई असते.

परवानगी कोणाची लागते?

नगरपालिका, नगरपंचायत हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना त्यात विशेष दर्जा आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा पाहावा. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, आणि स्वतःच्या मालकीचं झाड असलं तरी अर्ज वनविभागाकडे करावा लागतो. खाडीकाठी कांदळवन असेल तर प्रश्नच मिटला: मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. तिथे भरावाचा एक ट्रकही टाकू नका.

झाड उचलून दुसरीकडे लावता येईल का?

माड बऱ्यापैकी जगतो. बुडापासून दोन-तीन फूट मातीचा गड्डा धरून, पावसाच्या तोंडावर हलवायचा आणि खोडाला तीन बाजूंनी टेकू द्यायचा. मोठा आंबा मात्र सहसा नाही. खोडाच्या व्यासाच्या दहापट रुंद गड्डा लागतो. दीड फुटी खोडाला १५ फूट. तो उचलायला लागणारी क्रेन आपल्या पाणंदीतून आत येत नाही. त्या खर्चात घराचा नकाशा दोनदा बदलून मिळेल.

ठेकेदाराकडून हे पाळून कसं घ्यायचं?

तोंडी सांगू नका, करारात लिहा. प्रत्येक राखलेल्या झाडाला क्रमांक, करारासोबत वर्तुळं काढलेला नकाशा, आणि प्रत्येक क्रमांकापुढे नुकसानीची रक्कम. आंब्याची रक्कम पुढच्या दहा वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवा, लाकडाच्या भावावरून नको. कुंपण हलवलं तर वेगळा दंड, झाडाला काही झालं नसलं तरी. खाली जे झालं ते दिसणारच नसतं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आणि जेसीबीवाला रोज बदलतो हे लक्षात ठेवा. नव्या माणसाला सकाळी पाच मिनिटं स्वतः फिरवून दाखवा.

काम संपलं. आता काय?

कुंपण सगळ्यात शेवटी काढा, रंगकाम आणि पेव्हर झाल्यावर. माती दबली असेल तर पहारेने किंवा ऑगरने दोन-दोन फुटांवर दीड फूट खोल भोकं पाडून त्यात कुजलेलं शेणखत आणि भरड वाळू भरा. मुळं गेली असतील तर पहिले दोन उन्हाळे पाणी द्या: घेराच्या दर इंचाला सुमारे १२ लिटर, आठवड्यातून एकदा. ५ फूट घेराच्या आंब्याला हे ७२० लिटर, म्हणजे साडेतीन पिंपं. बुंध्यात ओतू नका. फांद्यांच्या टोकाखाली, ठिबकने सावकाश. पहिल्या वर्षी रासायनिक नत्र देऊ नका, पालवी वाढते आणि ती पोसायला मुळं नसतात. अशा कलमाला दोन-तीन वर्षं कल्टारही (मोहोर आणण्यासाठी देतात ते औषध) नको.

पुढची पाच-सात वर्षं झाडावर नजर ठेवा. शेंड्याकडची पानं लहान आणि विरळ होणं, टोकाच्या काटक्या वाळणं, अवेळी भरमसाट मोहोर येणं हे सगळं मुळांचं दुखणं आहे. मोहोर बघून खूश होऊ नका. झाड घाबरलं की बी टाकायची घाई करतं. अशक्त आंब्यावर खोडकिडा आधी येतो: बुंध्याशी भुसा, सालीतून डिंकासारखा पाझर. भोकात तार घालून अळी ओढून काढा आणि भोक मातीने लिंपा. हे पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा आणि पुन्हा जानेवारीत तपासायचं.